आठ पौंडांची गिटार

‘क्वीन’ बँडच्या ब्रायन मेच्या ‘रेड स्पेशल’ गिटारची गोष्ट सांगायला बसलं की सगळे आधी त्याच्या आईच्या शिवणाच्या डब्यात हात घालतात. पट्टीवरच्या खुणा शिंपल्याच्या गुंड्यांच्या, तरफेचं टोक विणायच्या सुईचं, मान कुणीतरी मोडीत काढलेल्या फायरप्लेसच्या चौकटीची. सगळं खरं आहे. पण या सामानाचंच कौतुक करत बसलं तर गिटार म्हणजे सुट्टीतला हस्तव्यवसाय वाटायला लागतो. प्रत्यक्षात ते एका इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर बापाने आणि भौतिकशास्त्राकडे निघालेल्या पोराने विचारपूर्वक घडवलेलं यंत्र आहे.

सुरुवात ऑगस्ट १९६३ची. लंडनच्या पश्चिमेला फेल्टममध्ये राहणारा ब्रायन नुकताच सोळा वर्षांचा झाला होता. फेंडर स्ट्रॅटोकास्टर विकत घ्यायची घरची ऐपत नव्हती. वडील हॅरॉल्ड म्हणाले, आपणच करू. घरातल्या एका खोलीचा कारखाना झाला आणि काम दोनेक वर्षं चाललं. खर्च आला सुमारे ८ पौंड.

मानेचं महॉगनी शंभर वर्षांहून जुनं, किडीने पोखरलेलं. भोकांत आगकाड्या ठोकून ती बुजवली. धडाच्या मधला भाग जुन्या ओकच्या टेबलाचा, बाकी ब्लॉकबोर्ड, वरून महॉगनीचं व्हिनिअर. आत पोकळ कप्पे ठेवले ते वजन कमी करायला नव्हे. लाउडस्पीकरच्या आवाजाने लाकूडच थरारावं आणि सूर लांबत राहावा, म्हणजे फीडबॅक मिळावा, हा हेतू होता. बाकीचे वादक ज्या कुईकुईपासून पळत होते, ती या मुलाला हवी होती.

खरी करामत मात्र तरफेत आहे. तरफ दाबली की सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि सूर खाली घसरतो. त्या काळच्या बऱ्याच गिटारींची रड अशी की तरफ सोडल्यावर तारा मूळ सुरावर येतीलच याची खात्री नसे, कारण कुठेतरी घर्षणात त्या अडकून बसत. मे बापलेकांनी घर्षणाच्या एकेका जागेचा माग काढला. तारा जिला बांधलेल्या, ती पट्टी त्यांनी कडक पोलादाच्या धारेवर तोलली, तराजूची दांडी तोलावी तशी. एका बाजूला सहा तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला १९२८च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. घोडीवर प्रत्येक तारेखाली इवलंसं पोलादी चाक बसवलं, म्हणजे तार घासणार नाही, चाक फिरेल. तार तुटली की कधीकधी हे चाकही निसटून पडतं. चालत्या कार्यक्रमात ते शोधत बसणं काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

एका बाबतीत घरच्या मालाने हार खाल्ली. तारांचा कंप विजेच्या लहरीत बदलणारे पिकअपही त्यांनी स्वतःच गुंडाळले होते, पण तार बाजूला खेचली की चुंबकांच्या ध्रुवांमुळे खरखर यायची. शेवटी बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणले. तिन्ही एकामागोमाग सिरीजमध्ये जोडले आणि प्रत्येकाला दोन बटणं दिली: एक चालू-बंद करायचं, दुसरं फेज उलटवायचं. त्यामुळे एकाच गिटारमधून सनईसारखा भरीव आणि चिरका पातळ, दोन्ही आवाज निघतात.

हीच गिटार घेऊन ब्रायन विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये उतरला. पहिला बँड ‘१९८४’, शाळकरी मुलांचा. १३ मे १९६७ला इम्पिरियल कॉलेजात जिमी हेंड्रिक्सच्या आधी वाजवायची संधी या पोरांना मिळाली. मग १९६८मध्ये ‘स्माइल’. ड्रमर हवा म्हणून कॉलेजच्या नोटीसबोर्डावर चिठ्ठी लावली, तिच्यामुळे दंतवैद्यकी शिकणारा रॉजर टेलर आला. तालमीला येऊन तो नुसते ड्रम सुरात लावायला लागला, तेव्हाच ब्रायन चाट पडला.

१९७०मध्ये त्याचंच ‘क्वीन’ झालं. गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा. पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी जॉन डीकन बास वाजवायला आला. त्याने कचऱ्यात सापडलेला सर्किट बोर्ड एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसवून बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर केला. ‘गुड कंपनी’ या १९७५च्या गाण्यात जाझ बँडची वाद्यं ऐकू येतात ना, तो ‘रेड स्पेशल’ आणि हे खोकं यांचा प्रताप आहे.

हॅरॉल्डना मात्र मुलाने पीएचडी अर्धवट टाकून बँडमागे जाणं रुचलं नव्हतं. ज्याने गिटार करायला हातभार लावला तोच ती पोटापाण्याची होऊ नये म्हणून अडून बसला, आणि इतकी वर्षं शिक्षणावर खर्च केलेल्या बापाच्या बाजूने पाहिलं तर त्यात वावगं काहीच नव्हतं. बापलेकांतला हा दुरावा मिटला तो पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी क्वीनचा कार्यक्रम पाहिल्यावर. पीएचडी ब्रायनने २००७मध्ये पुरी केली, विषय सूर्याभोवतीच्या धुळीचा.

१९८४मध्ये गिल्ड कंपनीने या गिटारची प्रत बाजारात आणली, पण तिच्यात तरफ आणि पिकअप दुसऱ्याच कंपन्यांचे होते. मुळाबरहुकूम प्रती काढायला ऑस्ट्रेलियाचा कारागीर ग्रेग फ्रायर यावा लागला. त्याने तीन केल्या, आणि १९९८मध्ये मूळ गिटारची डागडुजीही त्यानेच केली. चार वर्षांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर राष्ट्रगीत वाजलं ते याच ८ पौंडांच्या गिटारवर.