आज्ञेने संगणक बंद करणे व पुन्हा सुरू करणे

फेब्रुवारी २०१३ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र पाण्याच्या अभावी बंद ठेवावे लागले. अशा केंद्रातील संच नियमितपणे थांबवावयाचा झाल्यास त्याचे काही टप्पे ठरलेले असतात. भार क्रमाने उतरविला जातो, बाष्पाचा पुरवठा तोडला जातो आणि त्यानंतरही टर्बाइनचा तापलेला दांडा वाकू नये म्हणून तो कित्येक तास मंद गतीने फिरवीत ठेवला जातो. यंत्र बंद करणे आणि त्याची शक्ती अकस्मात तोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणकासही हाच नियम लागू पडतो.

संगणकात लिहिलेला मजकूर लिहिल्याक्षणी तबकडीवर उतरतोच असे नाही. वेग साधण्यासाठी तो काही काळ तात्पुरत्या स्मृतीत राहतो व मागाहून कायम साठ्यात जातो. ही स्मृती विजेवर जगते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एखादी नोंद चालू असता वीज गेली, तर ती नोंद नष्ट होते. क्वचित ती अर्धीच उमटून राहते आणि हा प्रकार अधिक घातक ठरतो. अलीकडच्या प्रणाली साठ्यातील फेरफारांची आगाऊ टिपणे ठेवतात. त्यामुळे साठ्याची रचना बहुधा वाचते. परंतु जे स्मृतीबाहेर पडलेच नाही, ते परत मिळविण्याचा मार्ग या टिपणांजवळही नसतो.

यासाठी आज्ञापटलावर ‘शटडाउन’ ही आज्ञा असते. युनिक्स व तिच्या धर्तीवरील लिनक्स या प्रणालींत एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावे अशी योजना आहे. म्हणून या आज्ञेस वेळ जोडता येते. ‘अधिक दहा’ असे लिहिल्यास दहा मिनिटांनी बंद होण्याची व्यवस्था होते व काम करणाऱ्यांना तशी सूचना जाते. अखेरच्या पाच मिनिटांत सामान्य वापरकर्त्यास नव्याने प्रवेश मिळत नाही. वेळ भरल्यावर प्रत्येक कार्यक्रमास प्रथम आपले काम आवरण्याचा संकेत दिला जातो. ठराविक अवधीत जो आवरीत नाही, तो सक्तीने थांबविला जातो. नंतर स्मृतीतील उरलेला मजकूर साठ्यात उतरवून साठा विलग केला जातो आणि सर्वांत शेवटी वीज तोडली जाते. मध्येच विचार बदलल्यास आडवी रेघ व ‘सी’ हे अक्षर जोडून हीच आज्ञा दिली असता योजना रद्द होते.

विंडोज प्रणालीत तिरप्या रेघेनंतर ‘एस’ लिहिल्यास संगणक बंद होतो, ‘आर’ लिहिल्यास बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि ‘ए’ लिहिल्यास मुदत संपण्यापूर्वी दिलेली आज्ञा मागे घेता येते. ‘टी’ या अक्षरापुढे मुदत सेकंदांत लिहावयाची असते. ‘एफ’ मात्र जपून वापरावे. त्यायोगे उघडे कार्यक्रम, काम जतन केले की नाही हे न विचारता, मिटविले जातात.

‘बंद’ व ‘पुन्हा सुरू’ यांतील भेद दूरच्या यंत्राच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. छत्रपती संभाजीनगर येथे बसून बीडमधील संगणकास पुन्हा सुरू होण्याची आज्ञा दिली, तर तो थोड्या वेळाने जाळ्यावर परत येतो. चुकून बंद होण्याची आज्ञा दिली, तर ती पाळली जाते. परंतु त्यानंतर पुढील आज्ञा ऐकण्यास तेथे कोणी जागे नसते. जाळ्यावरून यंत्र जागे करण्याची सोय आधीच केलेली नसल्यास, बीडमध्ये कोणीतरी जाऊन कळ दाबल्यावाचून गत्यंतर नाही. औष्णिक संचाचीही हीच अडचण असते: थंड पडलेला संच सुरू करावयाचा, तर त्याचे पंप व पंखे चालविण्यास बाहेरून वीज आणावी लागते.

आणखी एक भेद सहसा ध्यानात येत नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून पडद्यावरील कळीने संगणक बंद केल्यास, जलद आरंभाची सोय चालू असेल तर, प्रणालीचा गाभा पूर्णपणे मिटत नाही. त्याची स्थिती तबकडीवर जतन होऊन पुढील वेळी तशीच उचलली जाते. म्हणून गाभ्यात शिरलेला दोष रात्रभर यंत्र बंद ठेवूनही सकाळी कायम आढळू शकतो. ‘पुन्हा सुरू’ करताना मात्र गाभा नव्याने उभारला जातो. आज्ञापटलावरून केवळ ‘एस’ जोडून दिलेली आज्ञाही संगणक पूर्णपणे बंद करते.

तात्पर्य, आज्ञा देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: यंत्रावर आणखी कोणी काम करीत आहे काय, केलेले काम जतन झाले आहे काय, आणि यंत्र पुन्हा उठविण्यास त्याच्याजवळ कोणी आहे काय. वीज वारंवार जाते अशा गावी संगणकास विद्युत्घट जोडणे इष्ट होय. तो दिवसभर काम चालविण्यास पुरत नाही. पण रीतसर बंद होण्यास लागणारी काही मिनिटे त्यामुळे हाती राहतात, आणि नोंद वाचविण्यास तेवढी पुरेशी असतात.