गेम स्टुडिओ पोर्टफोलिओत काय शोधतो?

गेम स्टुडिओत आर्टिस्टची जागा निघाली, की पदवीचं प्रमाणपत्र मागे राहतं आणि आधी उघडली जाते ती पोर्टफोलिओची लिंक. लीड आर्टिस्ट त्या पानावरच्या छोट्या चौकोनी चित्रांवरून नजर फिरवतो, दोन-तीन उघडून पाहतो आणि उमेदवाराला बोलवायचं की नाही, याचा पहिला कौल तिथेच देतो. आजवरचं सगळं सुंदर काम मांडलं म्हणजे झालं, असं नवख्या कलाकाराला वाटतं. बघणाऱ्याच्या मनातला प्रश्न वेगळाच असतो: आमच्या चालू गेममधलं हे ठरावीक काम या व्यक्तीवर सोपवता येईल का?

जगभरातल्या स्टुडिओंच्या सवयीचं ठिकाण म्हणजे आर्टस्टेशन. २०१४ मध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ २०२१ मध्ये ‘फोर्टनाइट’ आणि अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिक गेम्सने विकत घेतलं. त्याच वर्षी एपिकने स्केचफॅबही घेतलं. तिथे त्रिमितीय मॉडेल ब्राउझरमध्येच फिरवून चारी बाजूंनी पाहता येतं. बिहान्स या पोर्टफोलिओच्या दुसऱ्या संकेतस्थळावर ग्राफिक डिझाइनवाल्यांचा वावर अधिक. स्वतःचं संकेतस्थळ असेल तर ते मोबाइलवरही चटकन उघडायला हवं आणि पहिल्याच पडद्यावर काम दिसायला हवं. नाव, कामाचा प्रकार, शहर आणि ईमेल या चार गोष्टी बघणाऱ्याला शोधाव्या लागू नयेत.

त्यातली ‘कामाचा प्रकार’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची. बाहेरून सगळे ‘गेम आर्टिस्ट’ दिसत असले, तरी आत धंदे निरनिराळे आहेत. कन्सेप्ट आर्टिस्ट जग कसं दिसेल ते आधी चित्रातून ठरवतो. कॅरेक्टर आर्टिस्ट पात्रं घडवतो, एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट इमारती आणि निसर्ग, प्रॉप आर्टिस्ट कंदिलापासून तोफेपर्यंतच्या वस्तू. ॲनिमेटर वेगळा, धूर-आग-स्फोट करणारा व्हीएफएक्स आर्टिस्ट वेगळा, आणि कलाकार व प्रोग्रॅमर यांच्यामधला दुवा असलेला टेक्निकल आर्टिस्ट आणखी वेगळा. मोठ्या स्टुडिओत ही कामं काटेकोर वाटलेली असतात. दहा जणांच्या चमूत एकालाच तीन-चार सांभाळावी लागतात. म्हणून ज्या स्टुडिओकडे अर्ज करायचा, त्याचे गेम आधी खेळून पाहावेत. रंगीत, ठसठशीत शैलीचे मोबाइल गेम करणाऱ्या कंपनीला हुबेहूब गंजलेल्या बंदुका दाखवून तिच्या कामाचं काही हाती लागत नाही.

ॲनिमेटरसाठी स्थिर चित्रांपेक्षा छोटी डेमो रील हवी, आणि सर्वांत चांगला शॉट तिच्या सुरुवातीलाच हवा.

त्रिमितीय काम करणाऱ्यांकडे स्टुडिओ आणखी एक गोष्ट हमखास मागतो: वायरफ्रेम, म्हणजे मॉडेल ज्या रेषांच्या जाळीने बनलं आहे ती जाळी. यामागे हिशेब आहे. सिनेमातली एक फ्रेम संगणकावर तयार व्हायला काही तास लागले तरी चालतं. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालवायचा, तर प्रत्येक फ्रेमला मिळतात जेमतेम १६ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश, सावल्या, पात्रं, धूर असं सारं पडद्यावर आलं पाहिजे. म्हणून कलाकार आधी लाखो बहुभुजांचं तपशीलवार, म्हणजे हाय-पॉली शिल्प करतो, मग त्याचं हलकं लो-पॉली रूप बांधतो आणि शिल्पातले बारकावे नॉर्मल मॅप नावाच्या प्रतिमेत उतरवून त्या हलक्या रूपावर चढवतो. याला बेकिंग म्हणतात. अंतिम चित्र देखणं असूनही जाळी अस्ताव्यस्त असेल, तर ते मॉडेल गेममध्ये घालण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा बांधावं लागणार, हे लीड आर्टिस्टला लगेच कळतं. म्हणूनच अंतिम चित्राखाली वायरफ्रेम, टेक्स्चर शीट (मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवलेली प्रतिमा) आणि जाळीतल्या त्रिकोणांची संख्या द्यायची. या उलगड्याला ‘ब्रेकडाउन’ म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एखाद्या मुलीला एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट व्हायचं आहे. तिने विश्रामबाग वाड्यात जाऊन दर्शनी भागावरचे सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब, कमानी, तुळया आणि दगडी जोतं यांचे फोटो काढले. मग ठोकळ्यांनी वाड्याचा ढोबळ आराखडा मांडला. अख्खा वाडा एकसंध घडवण्याऐवजी तिने एक खांब, एक कमान, तुळईचा एक तुकडा, भिंतीचे दोन-तीन प्रकार असा संच केला आणि तेच भाग पुन्हा पुन्हा जोडून चौक उभा केला. गेममध्ये इमारती अशाच मॉड्युलर पद्धतीने उभ्या राहतात. लाकडावरच्या नक्षीच्या पट्ट्या तिने एकाच टेक्स्चरवर ओळीने बसवल्या. या ट्रिम शीटमुळे डझनभर भागांना एक प्रतिमा पुरते. एका मीटरला ५१२ पिक्सेल असं प्रमाण ठरवून ते सगळीकडे सांभाळलं, म्हणजे खांब रेखीव आणि शेजारची भिंत धूसर असं होत नाही. शेवटी, येता-जाता हात लागून खांब जिथे गुळगुळीत झाला आहे तिथे चमक वाढवली आणि पायरीची कड मध्यभागी झिजवली. या शेवटच्या दोन गोष्टींतून तिची नजर कळते. वाडा नीट पाहिल्याशिवाय त्या सुचत नाहीत.

आपल्या आसपासचा विषय जगाला परका वाटेल, ही भीती मात्र सोडून द्यावी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांच्या पुढाकाराने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. पहाडी चित्रशैलीचा रंग, राजस्थानी वास्तू, कथेसाठी छायाबाहुल्यांची मांडणी असं त्याचं रूप. २०१७ मध्ये किकस्टार्टरवरची निधी उभारण्याची मोहीम फसली, तरी चमू थांबला नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनांत पोचला. त्याच्या एखाद्या चित्रावर नजर पडली तरी हा दुसऱ्या कुणाचा गेम नाही, हे ओळखू येतं. नवख्या कलाकाराच्या पानावर नेमकं हेच हवं असतं.

भारतातल्या कलाकारांपुढे एक जास्तीची अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. इथलं पुष्कळ काम परदेशी गेमसाठीचं आहे. पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे. बंगळुरूची १९९७ मध्ये सुरू झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह २०१९ मध्ये रॉकस्टारकडे गेली. गुरुग्रामच्या लक्ष्य डिजिटलसारख्या कंपन्या जगभरच्या प्रकाशकांना मॉडेल आणि टेक्स्चर पुरवतात. हे काम गुप्ततेच्या कराराखाली, म्हणजे एनडीएखाली चालतं. गेम बाजारात येईपर्यंत, आणि अनेकदा त्यानंतरही, परवानगीशिवाय त्यातलं काही दाखवता येत नाही. तीन-चार वर्षं मन लावून काम केलेल्या माणसाचं पान त्यामुळे रिकामं दिसतं, आणि हे खरोखर अन्यायाचं आहे. करार मोडून गुपचूप चित्रं टाकणं हा त्यावरचा इलाज नाही. तसं करणाऱ्यावर पुढचा स्टुडिओही भरवसा ठेवणार नाही. नोकरी सुरू असतानाच वर्षाकाठी एखादं छोटं, स्वतःचं काम पूर्ण करत राहावं. गेम प्रसिद्ध झाल्यावर लीडकडून लेखी परवानगी घ्यावी आणि नेमकं आपण काय केलं ते लिहावं: ‘मॉडेल आणि टेक्स्चर माझं, कन्सेप्ट अमुक यांचं’. दुसऱ्याच्या कन्सेप्टवरून मॉडेल केलं असेल, तर वैयक्तिक कामातही त्याचं नाव द्यायलाच हवं.

किती कामं ठेवावीत? पाच-सहा पक्की कामं पुरतात. बघणारा उमेदवाराचा अंदाज त्यातल्या सर्वांत कच्च्या कामावरून बांधतो, कारण त्या कलाकाराला ते पुरेसं चांगलं वाटलं, हे त्यातून कळतं. ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर शिकणाऱ्या असंख्य मुलांनी अँड्र्यू प्राइस यांच्या व्हिडिओवरून डोनट बनवलेला असतो. शिकायला तो उत्तम आहे, पण पोर्टफोलिओत त्याला जागा नाही. अर्धवट कामं, कॉलेजचे सराव आणि तीन वर्षांपूर्वीचं लाडकं चित्र बाजूला काढताना जीव तुटतो, तरी काढावं.

डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनचं मुखपृष्ठ एआयविरोधी फलकांनी भरून गेलं होतं. यंत्राने बनवलेल्या प्रतिमांविरुद्ध कलाकारांनी केलेला तो निषेध होता. त्यानंतर संकेतस्थळाने ‘नो-एआय’ अशी खूण लावायची सोय दिली. तेव्हापासून ब्रेकडाउनचं वजन वाढलं आहे. पहिली रेखाटनं, टाकून दिलेले पर्याय, बदललेली जाळी यांतून काम माणसाने विचार करून केलं आहे हे दिसतं. कामात एआय वापरलं असेल तर तेही स्पष्ट लिहावं.

स्पर्धाही कठीण झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टने गेम विभागातले १,९०० जण कमी केले. अनुभवी माणसंही नोकरी शोधत असताना नवख्याच्या पानावर रेंगाळायला कुणाला वेळ नसतो.

पोर्टफोलिओ पसंत पडला की अनेक स्टुडिओ ‘आर्ट टेस्ट’ देतात: ठरलेल्या मुदतीत एखादी वस्तू किंवा दृश्याचा तुकडा बनवायचा. त्यावरही सहसा गुप्ततेची अट असते, म्हणून न विचारता ते काम पानावर टाकू नये. मग येते मुलाखत. तिथे पोर्टफोलिओतलंच चित्र समोर ठेवून विचारलं जातं: खांबाचा सांधा इथेच का ठेवला? त्रिकोण निम्मे करायला सांगितले तर काय काढाल? या दृश्याला प्रकाश संध्याकाळचा का? हे प्रश्न प्रत्येक कामाबद्दल आधीच स्वतःला विचारून ठेवावेत आणि दोन-तीन ओळींत उत्तरंही लिहून टाकावीत. ब्रेकडाउनमध्ये त्यांची जागा चित्रांच्या शेजारीच आहे.