लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून

सकाळी ६.३०
रोवणीचे दिवस. बाबा बांधीकडे निघाले, मी माडीवर. कंपनी पुण्यात, मी लाखनीत. मधे नागपूर–रायपूर महामार्गाच्या कडेने आलेली फायबरची तार. आमचं सॉफ्टवेअर राइस मिलचा हिशेब ठेवतं: धानाची आवक, ओलावा, बारदाना, भरडाई. रुबी भाषेत, रेल्सवर लिहिलेलं, आणि आता चांगलंच थोराड झालेलं.

७.१५
लाइन गेली. डेस्कटॉप बंद. इन्व्हर्टर दुरुस्तीला दिलाय.

७.४०
लाइन आली. सर्व्हर सुरू करायचा हुकूम दिला आणि आज पहिल्यांदाच घड्याळ लावून पाहिलं. १९ सेकंद. एकदाच असते तर बोललोही नसतो. पण सर्व्हर, कन्सोल, एक छोटी चाचणी, रात्रीचं एखादं रेक टास्क, काहीही चालवा, हे धूड दर वेळी पहिल्यापासून उठून उभं राहतं. दिवसातून पन्नासदा तरी. आणि तेवढ्या वेळात माणूस मोबाइल हातात घेतो, मग १९ सेकंदांची दहा मिनिटं होतात. खरं नुकसान तिथे आहे.

९.००
हे उठताना करतं तरी काय, ते पाहायला एसट्रेस लावला. प्रोग्रॅम लिनक्सकडे काय काय मागतो ते हा ओळीओळीने दाखवतो. पडदा भरून वाहू लागला: फाइल नाही, फाइल नाही, फाइल नाही. रुबीला एखादी फाइल हवी असली की ती लोड पाथमधल्या पहिल्या फोल्डरात विचारते, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येक जेम, म्हणजे जोडलेली तयार लायब्ररी, या यादीत आपलं फोल्डर घालतं. आमच्याकडे जेम दोनशेच्या घरात. म्हणजे यादीच्या तळाशी असलेल्या एका फाइलीसाठी दोनशे दारं ठोठवायची, आणि अशा फाइली हजारो. काल याच दारांवर हीच उत्तरं मिळाली होती. काल रात्री मशीन बंद केलं तसा प्रोग्रॅम ते सगळं विसरला.

१०.३०
यावरचा उतारा जुनाच आहे. कॅनडाच्या शॉपिफाय कंपनीने २०१७ मध्ये बूटस्नॅप नावाची लायब्ररी एमआयटी परवान्याखाली खुली केली. फुकट, आणि आत काय चाललंय तेही वाचता येतं. त्यांचं स्वतःचं अवाढव्य सॉफ्टवेअर सुरू व्हायला सुमारे २५ सेकंद घ्यायचं, ते साडेसहावर आलं. डिस्कोर्स या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरचं साधारण ६ सेकंदांवरून ३ वर. २०१८ च्या रेल्स ५.२ पासून नव्या प्रकल्पात ती आपोआप येते. आमचा प्रकल्प त्याआधीचा. पुढे रेल्स चढवलं, पण बूट नावाची जुनी फाइल कोणी उघडलीच नाही. त्या 'कोणी'त मीही आलो.

जेमफाइलमध्ये नाव घातलं, बूट फाइलमध्ये एक ओळ. पहिली धाव जवळपास तेवढीच. कॅश, म्हणजे पुढच्या वेळेसाठीची साठवण, भरली जात होती. दुसरी धाव: ८ सेकंद. तिसरी: ८.

ती तीन गोष्टी करते. कोणती फाइल कोणत्या फोल्डरात आहे याची नोंद ठेवते, म्हणजे दोनशे दारांऐवजी थेट एक. रुबीचा मजकूर वाचून त्यापासून रुबीच्या आभासी यंत्राच्या सूचना बनवायच्या असतात. त्या एकदा बनल्या की डिस्कवर ठेवून देते. आणि यामल फाइलींचं वाचन मेसेजपॅकच्या आटोपशीर रूपात साठवते. आम्हाला हे तिसरं फार लागू पडलं. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांतले पडद्यावरचे शब्द यामलमध्येच आहेत, आणि 'बारदाना'चे तर चार प्रकार.

दुपारी १.३०
बाबा जेवायला आले, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. कॅश म्हटलं की आमच्या घरी नोटाच समजतात, म्हणून जरा समजावून सांगितलं.
"म्हनजे पऱ्हे टाकून ठेवल्यासारखं," ते म्हणाले. "रोवणीच्या दिवशी बियापासून सुरू नाही करायचं."
"तसंच."
"पन जुने पऱ्हे लावशील तं फुटवे कमी येतात, बापू. मंग?"

या 'मंग'पाशीच सगळी कॅश अडते. साठवणं सोपं, साठवलेलं शिळं कधी झालं हे ओळखणं अवघड. बूटस्नॅप फाइलीचा आकार, ती शेवटची बदलल्याची वेळ आणि रुबीची आवृत्ती ताडून पाहते. जुळलं नाही तर नव्याने बनवते.

३.००
आमच्या तपासणी सर्व्हरवर मात्र फायदा दिसेना. कारण तिथे दर वेळी गिटमधून सगळा कोड नव्याने उतरतो, मजकूर तोच पण वेळ आत्ताची. कॅश भरलेली असूनही निकामी. बूटस्नॅपची आवृत्ती जुनी होती. अलीकडच्या आवृत्त्यांत एक सोय चालू करता येते: वेळ जुळली नाही तर त्या मजकुराचा ठसा काढून पाहतात, आणि तो तोच असेल तर जुनी नोंद चालवून घेतात. आवृत्ती बदलली, ती सोय चालू केली, लागू पडलं.

४.१५
पुन्हा लाइन. पंधरा मिनिटं खिडकीतून तलाव पाहिला. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. मामाचा त्यात काही संबंध नाही.

५.००
खऱ्या सर्व्हरवर चढवण्याआधी हात थांबला. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कामात मीच हे बसवलं होतं. पहिला महिना सगळे खूश. मग प्रत्येक नवी आवृत्ती चढवायला आधीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. आम्ही नेटवर्कला दोष दिला, डेटाबेसला दिला, एकमेकांनाही दिला. शेवटी कॅशचं फोल्डर उघडलं तर आत महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी, ज्यांच्या मूळ फाइली कधीच्याच गेल्या होत्या. बूटस्नॅप स्वतःचा केर स्वतः काढत नाही. ते तिच्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलंय, चढवणं मंदावलं तर बहुधा हेच कारण असंही लिहिलंय. आम्ही वाचलं नव्हतं.

या वेळी आधी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीत, साफसफाईची ओळ लिहिली, मग चढवलं.

७.३०
बाबांनी वर येऊन विचारलं, "खुललं का लवकर?" त्यांच्यासमोर बंद करून सुरू केलं. आठ सेकंद. "अजून आठ लागतातच," म्हणाले आणि खाली गेले.

तुमचा रेल्सचा प्रकल्प २०१८ च्या आधीचा असेल तर आज ती बूट फाइल उघडून बघा. बंडलरच्या ओळीच्या लगेच खाली बूटस्नॅपची ओळ हवी.