पेटींतील एक चेपका चिकू

गेल्या चैत्रांत आमच्या सफाळ्याच्या वाडींतून चिकूच्या बारा पेट्या मुंबईस रवाना झाल्या. माल हातास टणक होता. तिसरे दिवशीं अडत्याची पट्टी आली, तींत पांच पेट्या नासक्या म्हणून वजा ! आमचा जन्म महसुली दप्तरांत गेलेला, तेव्हां पंचनामा केल्यावांचून राहवेना. घरीं ठेविलेली तेरावी पेटी उघडली. मधोमध, उतरवितांना गड्याच्या हातून पडलेला एक चिकू लिबलिबीत झाला होता. त्याच्या भोंवतालचीं फळें मऊ व कडेचीं अद्याप कठीण होतीं.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. चिकू, केळें, आंबा हीं फळें झाडावरून उतरल्यावरही श्वासोच्छ्वास करीत असतात. पिकण्याच्या सुमारास तो एकदम वाढतो व फळ इथिलीन नांवाचा वायु सोडूं लागतें. फळ हा वायु स्वतः निर्माण करतें हें विलायतेंत गेन यांनीं १९३४ सालीं सिद्ध केलें. आपले वाडवडील धुरी देऊन केळीं पिकवीत. त्या धुरांतही हाच वायु असतो.

वायूची वर्दी घेणारीं प्रथिनें फळाच्या प्रत्येक पेशींत असतात. वर्दी पोंचली कीं पेशीच्या केंद्रांतून नवीं प्रथिनें घडविण्याचा हुकूम सुटतो. प्रथिन म्हणजे केवळ डाळींतील पौष्टिक अंश, अशी आमचीही समजूत होती. परंतु पेशींतील बहुतेक कामें करणारे गडी प्रथिनेंच होत. या कामकरी प्रथिनांस विकरें म्हणतात. एक विकर पेशींच्या भिंतींतील पेक्टिन विरघळवितें, म्हणून गर मऊ पडतो. दुसरें पिठाची साखर करतें. कच्च्या केळ्यांत शेंकडा २० च्या आसपास असलेलें पीठ पिकल्यावर एकदोन उरतें. आणि कांहीं विकरें तोच वायु आणखी तयार करतात. वायूनें वायु वाढतो, तो शेजारच्या फळास लागतो, व पेटी हातची जाते.

मार लागलेलें फळ हा वायु अवेळीं सोडतें, कारण संकटांतही वनस्पतीची हाकाटी याच वायूनें होते. टोमॅटोच्या मुळांशीं पाणी तुंबलें म्हणजे भर पाण्यांत पानें खालीं वळतात. मुळांत वायूचा कच्चा माल सांचतो, पण प्राणवायूवांचून त्याचा वायु होत नाहीं. तो वर चढून पानांत पुरा होतो. हें १९८० सालीं दाखविलें गेलें. आमच्या खालच्या वाफ्यांत दर श्रावणीं हें दिसे, व आम्ही कीड समजून औषधावर पैसे घालीत असूं.

उन्हाचें निराळें. पारा ३५ अंशांपलीकडे गेला कीं वायूचें काम मंदावतें व पेशी नेहमींचीं प्रथिनें बाजूस ठेवून बचावाचीं प्रथिनें घडवूं लागते. म्हणून उन्हांत तापलेला ढीग धड पिकत नाहीं. उलट केळीं १३ अंशांखालीं ठेविल्यास साल काळवंडते.

कार्बाइडची पुडी कोणी ठेवीत असल्यास ती आजच काढावी. तिचा वायु इथिलीनची नक्कल करतो खरा, पण तींत सोमलाचा अंश असतो, व २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीं तिला बंदी आहे. इथिलीनच दशलक्षांत १०० भागांपर्यंत देण्यास २०१६ पासून मुभा आहे.

यंदा आम्हीं पडलेल्या चिकूंस निराळी टोपली ठेविली, ढीग सावलींत केला व पेटी भरण्यापूर्वीं प्रत्येक फळ हातांत फिरवून पाहिलें. गड्यांनीं कुरकूर केली. बारा पेट्यांपैकीं एक वजा झाली.