एका घरात दोन चुली

1895च्या फेब्रुवारीत मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मात्र हिंदूच राहिल्या आणि काही वर्षे दोघांची ताटातूट झाली.

नवरा-बायकोपैकी एकानेच ख्रिस्त स्वीकारला तर काय करायचे, हा प्रश्न पहिल्या शतकातल्या मंडळीलाही पडला होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की, जोडीदार एकत्र राहायला राजी असेल तर विश्वासणाऱ्याने त्याला टाकू नये.

पुढे अहमदनगरला दोघे पुन्हा एकत्र आले, पण लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. रोजच्या जेवणाला शिवाशिव पाळणारी पत्नी आणि ती शिवाशिव सोडून दिलेला पती एका छपराखाली राहत होते. मला यात टिळकांच्या विश्वासाची खरी कसोटी दिसते. तापट स्वभावाच्या माणसाला पत्नीचे मन वळेपर्यंत असे थांबणे सोपे नव्हते. जातिभेद माणसांनीच केला, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने उमगले आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, 1900 साली. हा सगळा संसार लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवला आहे, भांडणांसकट.