वापरलेली बास-होडी : डेक किती असावा व तो कसा पारखावा

जुनी वस्तु विकत घेतल्यानें पैसा वांचतो हें खरें. पण पारख नसेल तर वांचलेला पैसा दुप्पट होऊन बाहेर जातो, हें जुनें इंजिन किंवा जुना ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. अमेरिकेंत अशा जुन्या खरेदींत ‘बास-होडी’ ही एक नेहमींची वस्तु आहे. ज्या वाचकांचीं मुलें-भावंडें तिकडे स्थायिक झालीं आहेत त्यांस ही माहिती प्रत्यक्ष उपयोगीं पडेल. इतरांस, वरून चांगली दिसणारी वस्तु आंतून कशी तपासावी याचा एक नमुना म्हणून ती वाचण्यासारखी आहे.

बास हा गोड्या पाण्यांतील शिकारी मासा असून तो मूळचा उत्तर अमेरिकेचा आहे. बुडालेलीं झाडें, पाणगवत व खडकांच्या कपारी यांच्या आडोशास तो दबा धरून बसतो. त्यामुळें गळ टाकणाऱ्यास आवाज न करितां आडोशाजवळ जावें लागतें आणि उभें राहून नेमक्या जागीं गळ फेकावा लागतो. हा नाद तेथील शेतकऱ्यांस जुना आहे. १९३२ सालीं जॉर्जिया संस्थानांतील जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्यानें २२ पौंड ४ औंस वजनाचा बास पकडला. त्याच्या बरोबरीचा मासा मिळण्यास २००९ साल उजाडावें लागलें, आणि तोहि अमेरिकेंत नव्हे, तर जपानांतील बिवा सरोवरांत मिळाला.

१९३३ सालीं टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठीं सरकारी महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें तेथें व इतरत्र धरणें होऊन मोठमोठे जलाशय तयार झाले. या विस्तीर्ण पाण्यावर जुन्या वल्ह्यांच्या होड्या अपुऱ्या पडूं लागल्या. १९४८ सालीं लुइझियानांतील श्रीव्हपोर्ट येथें होम्स थर्मंड यांनीं ‘स्कीटर’ नांवाची होडी बांधली. तिजपासून बास-होडीचा उगम मानतात. १९६७ सालीं रे स्कॉट यांनीं आर्कान्सा संस्थानांतील बीव्हर जलाशयावर बास पकडण्याचे सामने भरविले, आणि १९६८ सालीं त्याच संस्थानांतील फ्लिपिन गांवीं फॉरेस्ट वुड यांनीं ‘रेंजर’ होड्यांचा कारखाना काढला. सामने वाढत गेले तशा होड्या लांब, रुंद व वेगवान होत गेल्या. हौशी लोक जुनी होडी विकून नवी घेतात. त्यामुळें वापरलेल्या होड्यांचा बाजारहि मोठा आहे.

डेक म्हणजे काय

होडीच्या तळापासून उंचावर, कांठाच्या किंचित् खालीं जी सपाट जागा बांधलेली असते तीस डेक म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. एक नाळेकडील व दुसरा पिछाडीचा. दोहोंच्या मधल्या खोलगट जागेंत बैठका व सुकाणूचें चाक असतें. नाळेवर विजेचें एक लहान यंत्र बसविलेलें असून तें बहुधा पायानें चालवितात; त्यामुळें हात मोकळे राहतात व होडी न वाजतां सरकते. गळाच्या काठ्या, मासे जिवंत ठेवण्याची टांकी, बॅटऱ्या व पेट्रोल हें सर्व डेकच्या पोटांत असतें. म्हणजे एकच फळी माणसांस उभें राहण्याची जागा व कोठाराचें झाकण अशीं दोन कामें करते. या होडीचें सर्व सुख डेकवर अवलंबून आहे, आणि जुन्या होडींतील मोठे दोषहि बहुधा डेकच्याच खालीं दडलेले असतात.

डेक कसा मोजावा

विकणारा होडीची लांबी सांगतो. पण लांबी म्हणजे डेक नव्हे. मधली बैठकीची जागा ऐसपैस केली कीं डेक आंखूड होतो. म्हणून मोजपट्टी बरोबर न्यावी. नाळेकडील डेक पुढें निमुळता असतो. निमुळत्या शेताचा तुकडा मोजतांना आपण दोन्ही टोकांच्या रुंदीची सरासरी घेऊन ती लांबीनें गुणतों, तसेंच येथें करावें. समजा, मागील रुंदी ७ फूट, पुढील ३ फूट व लांबी ७ फूट आहे. तर डेक ३५ चौरस फूट झाला. त्यांतून विजेचें यंत्र व त्याचें पायटें यांची जागा ५ चौरस फूट वजा केली, तर खरी उभें राहण्याची जागा ३० चौरस फूट उरते. दुसऱ्या एका होडींत मागील रुंदी ६, पुढील २ व लांबी ६ फूट भरली, तर डेक २४ आणि उरलेली जागा १९ चौरस फूट होईल. प्रत्येक माप अवघ्या एका फुटानें कमी. पण उभें राहण्याची जागा तिसऱ्या हिश्श्याहूनहि अधिक घटली.

एकटाच गळ टाकणारा असेल तर नाळेकडील डेक चांगला असला म्हणजे पुरे. दोघे असतील तर पिछाडीचा डेकहि मोजावा. कारण दुसऱ्या माणसास तेथेंच दिवस काढावा लागतो. नुसत्या मापावर समाधान मानूं नये. दोघांनीं डेकवर प्रत्यक्ष उभें राहून, गळ फेकतांना हात जसा मागें जातो तसा नेऊन पाहावा. झाकणें डेकशीं सपाट बसतात कीं वर आलेलीं आहेत, त्यांवर पाय दिला असतां दबतात काय, हें पाहावें. डेक कांठाच्या अगदीं बरोबरीस असेल तर जागा मोठी दिसते, पण पाय घसरल्यास अडावयास कांहीं राहत नाहीं. तीन-चार इंच उंचीचा कांठ थोडी जागा खातो, परंतु माणसास होडींत ठेवतो.

मोठ्या डेकची किंमत

जागा फुकट मिळत नाहीं. अमेरिकेंतील मोठ्या रस्त्यांवर साडेआठ फुटांहून रुंद वाहन विशेष परवान्याशिवाय नेतां येत नाहीं. म्हणून ट्रेलरवर नेण्याच्या मोठ्या बास-होड्याहि सुमारें आठ फूट रुंदीवर थांबतात. यापुढें डेक वाढवावयाचा तर लांबी तरी वाढवावी लागते किंवा बसण्याची जागा तरी कमी करावी लागते. लांबी वाढली कीं यंत्र मोठें, ट्रेलर जड व तो ओढणारी मोटारहि मोठी लागते. शिवाय मोठ्या होडीस विजेचें यंत्रहि बहुधा ३६ व्होल्टचें लागतें. जुन्या शिशाच्या पद्धतीच्या तीन बॅटऱ्या त्यासाठीं व एक मुख्य यंत्रासाठीं, अशा चार धरल्या आणि प्रत्येकीचें वजन ६० पौंड मानलें, तर २४० पौंड भार झाला. म्हणजे एक चांगला धिप्पाड माणूस कायमचा होडींत बसविल्यासारखेंच झालें.

म्हणून प्रथम पाणी कोणतें तें ठरवावें. अमेरिकेंत शेततळ्यांत बास व ब्लूगिल हे मासे एकत्र वाढविण्याची पद्धति आहे. अलाबामांतील ऑबर्न येथील होमर स्विंगल यांच्या प्रयोगांनीं तिला शास्त्रीय पाया मिळाला. अशा तळ्यांत चपट्या तळाची लहान ॲल्युमिनियमची होडी पुष्कळ झाली. उलट, टेक्सास व लुइझियाना यांच्या सीमेवरील टोलेडो बेंड जलाशय सुमारें १,८५,००० एकरांचा आहे. तेथें वारा सुटला कीं लाटा उठतात व पाण्याखालीं जुन्या झाडांचे बुंधे आहेत. तेथें लांब, उंच कांठाची व मजबूत होडीच पाहिजे.

मागाहून बांधलेला डेक

ॲल्युमिनियमच्या लहान होडींत मालकानें स्वतः प्लायवुडचा डेक बांधलेला पुष्कळदां आढळतो. किंमत थोडी व जागा भरपूर, म्हणून घेणारा भुलतो. येथें विशेष सावध राहावें. कारण येथें प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे. माणूस तळावर उभा असतो तेव्हां भार खालीं राहतो. तोच एक-दीड फूट उंच डेकवर चढला म्हणजे भार वर जातो, आणि अरुंद होडी कलंडण्यास एका बाजूस टाकलेलें एक पाऊल पुरतें.

१९७२ सालच्या नोव्हेंबरपासून अमेरिकेंत बांधल्या गेलेल्या २० फुटांहून लहान यांत्रिक होड्यांवर क्षमतेची पाटी असावी लागते. तींत किती माणसें, एकूण किती वजन व किती अश्वशक्तीचें यंत्र चालेल हें लिहिलेलें असतें. पाटी वाचून हिशेब करावा. समजा, माणसें, यंत्र व सामान मिळून ९०० पौंड लिहिले आहेत. दोन माणसें ३६०, यंत्र २००, दोन बॅटऱ्या १२० व सुट्या टांक्यांतील १२ गॅलन पेट्रोल ७२, हे ७५२ पौंड झाले. बाकी १४८ राहिले. प्लायवुड, खालची चौकट व गालिचा यांनींच ते संपले, तर मासे व गळांचें सामान ठेवण्यास जागा कोठें उरली? पाटीच काढून टाकलेली असेल तर तो सौदा सोडावा, हें उत्तम.

आणखी एक गोष्ट. कुजूं नये म्हणून तांब्याचे क्षार मुरविलेलें लांकूड बाजारांत मिळतें. तें ओलें होऊन ॲल्युमिनियमला लागून राहिलें म्हणजे धातु खाल्ली जाते व तळास बारीक भोकें पडतात. असा डेक दिसल्यास एक फळी उचलून खालचा पत्रा पाहिल्याशिवाय पुढें बोलूं नये.

डेकच्या खालीं काय आहे

जुन्या फायबरग्लासच्या पुष्कळ होड्यांत तळाचे लांब वासे, डेकच्या फळ्या व यंत्र जिला टांगलेलें असतें ती मागची आडवी भिंत, यांच्या पोटांत लांकूड असतें. स्क्रूच्या भोकांतून पाणी आंत शिरतें, बाहेरून कांहीं दिसत नाहीं आणि लांकूड कुजत जातें. याच्या परीक्षा सोप्या आहेत. डेकवर टाचेनें दाबत सर्वत्र फिरावें. कोठें मऊ लागतें काय पाहावें. बैठकांचे खांब धरून हलवावे. मागच्या भिंतीवर लहान हातोडीनें टिचक्या माराव्या. निरोगी लांकूड खणखणीत वाजतें, कुजलेलें भद्द वाजतें. नंतर यंत्र अर्धवट वर उचलून त्याच्या खालच्या टोंकावर भार द्यावा व भिंत वांकते काय हें दुसऱ्यानें निरखावें. कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर कारण शोधावें. जुन्या होडींत एकट्या डेकवर नवा गालिचा दिसला, तर त्याखालीं काय आहे हें अवश्य विचारावें.

होडी बुडूं नये म्हणून तळांत फेस भरलेला असतो. तो कांहीं होड्यांत वर्षानुवर्षें पाणी पीत राहतो. एक घनफूट पाणी ६२ पौंडांहून थोडें अधिक भरतें. म्हणून शक्य असेल तर होडी ट्रेलरसह वजनकांट्यावर चढवावी. कारखान्यानें दिलेलें वजन, यंत्र, ट्रेलर व सामान यांची बेरीज करून कांट्यावर दोन-चारशें पौंड अधिक भरले, तर तें बहुधा पाणीच होय. मागची भिंत दुरुस्त करावयाची तर यंत्र उतरवून होडी उघडावी लागते, आणि हा खर्च जुन्या होडीच्या किंमतीहूनहि अधिक होऊं शकतो.

यंत्र, ट्रेलर व कागद

यंत्राच्या सर्व नळकांड्यांतील दाब मोजवून घ्यावा. एकमेकांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असूं नये. खालच्या दांतेचक्रांचें तेल दुधासारखें पांढरें असेल तर आंत पाणी शिरलें आहे असें समजावें. ट्रेलरच्या टायरांवर चार आंकड्यांची खूण असते; पहिले दोन आंकडे आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे होत. रबर चांगलें दिसलें तरी फार जुनें टायर लांबच्या रस्त्यावर विश्वासाचें नव्हे. होडीच्या मागील भिंतीवर उजव्या हातास बारा अक्षर-आंकड्यांची ओळखखूण असते. ती मालकीच्या कागदाशीं ताडून पाहावी व होडीवर कर्जाचा बोजा नाहीं याची खात्री करावी. चालक पाण्यांत पडल्यास यंत्र आपोआप बंद करणारी दोरी व कळ चालते काय हेंहि पाहावें. २६ फुटांहून लहान होड्या वेगानें चालवितांना ती वापरण्याची सक्ति १ एप्रिल २०२१ पासून झाली आहे.

पाण्यावरील परीक्षा

शेवटीं होडी पाण्यांत घातल्याशिवाय पैसे देऊं नयेत. नेहमीं जितकीं माणसें व जितकें सामान न्यावयाचें तितकें चढवावें. अंगांत तरंगणारीं जाकिटें घालून कांठाजवळच्या शांत पाण्यांत दोघांनींहि नाळेकडील डेकवर जावें आणि मग हळूहळू एकाच बाजूस सरकावें. पाणी कांठापासून किती खालीं राहतें व होडी किती कलते, हें डोळ्यांनीं पाहावें. अर्धा तास फिरून आल्यावर तळांत पाणी सांचलें काय तें तपासावें. विकणारा या परीक्षेस तयार नसेल, तर त्याच्या नकारांतच उत्तर आहे असें समजून परतावें.

सारांश, पाणी व माणसें पाहून लागेल तितकाच डेक ठरवावा. क्षमतेची पाटी वाचावी. डेकच्या खालचें लांकूड व तळ तपासावा. आणि या सर्वांत होडी उतरली म्हणजेच किंमतीचें बोलणें काढावें. दोन होड्या सर्व परीक्षांत सारख्या ठरल्या, तर मात्र ज्या होडीचा डेक ऐसपैस ती निःशंक घ्यावी. दिवसभर उभें राहणाऱ्यास त्या चार हात जागेचें मोल पहिल्याच दिवशीं कळून येईल.