कवटीतला निचरा

अंथुर्ण्याच्या उसाच्या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याचं पाणी सुटलं की गावभर कळतं; पाळी कुणाची, यावरून बांधावर भांडणं होतात. निचऱ्याकडे लक्ष जातं ते जमीन चोपण व्हायला लागल्यावर. शरीररचनाशास्त्र शिकवताना मेंदूच्या शिरांचंही तेच होताना पाहत आलोय. धमन्यांचं ‘सर्कल ऑफ विलिस’ मुलं हौसेनं पाठ करतात. शिरा परीक्षेच्या आदल्या रात्रीवर.

करवतीनं काप घेऊन कवटीचं झाकण उचकटताना कापड फाटल्यासारखा आवाज येतो, कारण ड्युरा, म्हणजे मेंदूवरचा जाड पडदा, हाडाला आतून चिकटलेला असतो. तो सुटला की मध्यरेषेवर, कपाळामागून थेट डोक्याच्या मागच्या भागापर्यंत, सुपीरियर सॅजायटल सायनस दिसतो. बारीक कात्रीनं तो उभा चिरायचा. ड्युराच्याच पदरांमधली ही तिकोनी पोकळी. भिंतीत स्नायू नाही, आत झडप नाही. हातावरच्या शिरेसारखी ती सहज मिटतही नाही. आतल्या काळपट गाठी पुसल्या की ॲरॅक्नॉइडचे दाणे दिसतात, मेंदूभोवतीचं पाणी रक्तात उतरण्याची एक वाट. आणि दोन्ही कडांना शिरांची तोंडं.

ती तोंडं नीट पाहणारा एखादा विचारतोच, “सर, रक्त तर मागं चाललंय; मग या शिरा पुढं तोंड करून कशा शिरतात?” असा प्रश्न आला की तास सार्थकी लागतो. गर्भात मेंदू मागं वाढत गेला, शिरांचं मेंदूकडचं टोक त्याच्याबरोबर ओढलं गेलं, असं त्याचं कारण सांगतात.

चिरलेल्या सायनसमध्ये सळई घालून मागं सरकवली की ती बहुतेकदा उजव्या ट्रान्सव्हर्स सायनसकडे वळते. डावा अनेकदा बारीक असतो. एमआर व्हेनोग्राममध्ये तो दिसला नाही, तर बुजलाय की जन्मतःच अरुंद, हे ठरवताना जाणत्या रेडिओलॉजिस्टचाही कस लागतो. पुढं सिग्मॉइड, मग गळ्यातली जुग्युलर शीर. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त मेंदूतून असं खाली उतरतं.

हा निचरा तुंबण्याची भीती बाळंतपणानंतर जास्त; तेव्हा रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यात बाळंतिणीला पाणी तोडून द्यायची आपली जुनी रीत. मला ती कधीच पटली नाही. सायनसमध्ये गुठळी बसली की मागं रक्त तुंबतं. डोकं ठणकतं, झटके येतात, कधी मेंदूत रक्तस्रावही होतो. अशा रक्तस्रावातही डॉक्टर हेपारिन सुरू करतात, तेव्हा नातेवाईक हबकतात: रक्त सांडलंय आणि वर रक्त पातळ करायचं औषध? पण ते सांडलेलं असतं तुंबाऱ्याच्या दाबानं. हेपारिन गुठळी वाढू देत नाही. आहे ती विरघळवायला शरीराला सवड मिळते.